सकाळी आठची पाथर्डी

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. देवळात निदान कोणी पायांकडे बघत नाही. इथे दारात एक शिपाई बसवला होता आणि तो आधी पाय बघायचा, मग तोंड. आत एसी, जमिनीवर हिरवं मॅटिंग, कॉम्प्युटरवर झालरीचं कव्हर आणि मॉनिटरच्या डोक्यावर हळदकुंकू. धुळीने मशीन बिघडतं म्हणून चपला बाहेर. हळदकुंकू कीबोर्डात सांडलं तर मात्र ते शुभ. या देवस्थानाची पुजारीण मी. मूळची कोल्हारची, नगरला सहा महिन्यांचा कोर्स केलेली, आणि कारखान्यात रोजंदारीवर.

कारखान्याचं नाव सांगत नाही. आमच्या जिल्ह्यात दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी साखर कारखान्याच्या चिमणीला लागतो, तेव्हा वाचणाऱ्याने आपापल्या आवडीची चिमणी धरून चालावं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या चेअरमनांना सगळे साहेबच म्हणत. साहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात बिनतारी कॉम्प्युटर पाहिला आणि ते झपाटले. तार न जोडता एका गावचा कॉम्प्युटर दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरशी बोलतो, हे ते पुढे प्रत्येक सभेत सांगायला लागले. ऊस, पाणी, खत, सगळ्या विषयांची गाडी शेवटी तिथेच येऊन थांबायची. मग एक दिवस खरंच खोकी आली. एक कॉम्प्युटर आमच्याकडे, एक पाथर्डीला, आणि दोन्हीकडे एकेक मोडेम. मोडेम म्हणजे टिफिनच्या डब्याएवढी काळी पेटी. ती एका बाजूने कॉम्प्युटरला आणि दुसऱ्या बाजूने कारखान्याच्या जुन्या वायरलेस सेटला जोडायची. मधल्या डोंगरावर कारखान्याचा वायरलेसचा खांब आधीपासून होताच.

पाथर्डीच का, तर आमचा ऊस तोडणारी माणसं तिकडची. दिवाळी झाली की तिथली गावंच्या गावं कुलपं लावून आमच्याकडे यायची, म्हातारी आणि पोरं मागे ठेवून. पाथर्डीला आमचं हंगामी ऑफिस होतं. कुठल्या टोळीत किती कोयते, कोण आलं, कोण यायचं राहिलं, याची यादी तिथे ठेवत. यादीत माणसं नसत, कोयते असत. नवरा-बायको मिळून एक कोयता. ही यादी रोज सकाळी आठला वायरलेसवरून कॉम्प्युटरने यायची आणि छापून साहेबांच्या टेबलावर जायची, असं ठरलं. आठच का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. साहेब आठला यायचे, म्हणून आठ.

एमडींनी मला बोलावून सांगितलं, "यंदाच्या हंगामात लिंक चालली तर तुला कायम करू. न्हाई चालली तर कॉम्प्युटर हाय तिथंच राहील. तू घरी." घरी म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. घरी वडील स्थळं बघत बसले होते, आणि त्यातल्या एकालाही कॉम्प्युटर करणारी बायको नको होती.

लिंक चालली नाही.

म्हणजे अगदीच चालली नाही असं नाही. दुपारी बाराला लावा, खटकन लागायची. तीनला लावा, लागायची. सकाळी साडेसात ते नऊ मात्र मोडेमवरचा लाल दिवा पेटायचा तो पेटायचाच, आणि स्क्रीनवर 'नो रिस्पॉन्स'. आठ वाजता साहेब खुर्चीत, मी घामाघूम, आणि टेबलावर यादीची जागा मोकळी.

मग कारखान्याने बिघाड शोधायला घेतला. कारखान्यात एखादी गोष्ट बिघडली की ती दुरुस्त करायला सगळे येतात, फक्त जिला ती कळते ती व्यक्ती सोडून. इलेक्ट्रिकच्या फोरमननी बॅटरी बदलली. त्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड हा बॅटरीचा असतो. स्टोअरकीपर म्हणाले, वायर उंदरानं खाल्ली असणार. वायर धडधाकट निघाली तेव्हा म्हणाले, मग खाणार असेल. एक संचालक म्हणाले, थंडीमुळं लहरी गोठतात, दुपारी ऊन पडलं की मोकळ्या होतात. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की अँटेनाला गोधडी गुंडाळावी का यावर दहा मिनिटं चर्चा झाली. शेवटी गोधडीऐवजी लिंबू-मिरची बांधली. ती स्वस्तही पडते आणि तिचा उपयोग झाला नाही तर कोणी जाबही विचारत नाही.

पुण्याहून इंजिनिअर आला. पांढरा शर्ट, हातात ब्रीफकेस. त्याने सेटचं आवाजाचं बटण शून्यावर फिरवलं आणि म्हणाला, "डेटाला स्पीकर लागत नाही." मी विचारलं, लाल दिवा कशाचा? तो म्हणाला, "पॉवरचा." पॉवरचा दिवा दुपारी कसा विझतो, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण तो दुपारच्या जेवणाला गेस्ट हाउसवर निघाला होता, आणि तिथे त्या दिवशी मटण होतं. अशा वेळी माणसाला अडवू नये.

मीही काही वेगळी नव्हते. चार शिव्या त्याला घातल्या आणि चार पाथर्डीच्या ऑपरेटरला. हे ऑपरेटर म्हणजे एक काका. फौजेतून, सिग्नलमधून निवृत्त झालेले, जयभीमवाले. खाकी स्वेटर, टोकदार मिशा आणि वायरलेसवर बोलताना एकही शब्द फुकट नाही. मी पाथर्डीला दोन दिवस जाऊन त्यांना कॉम्प्युटर शिकवला होता. ते एका बोटाने टाइप करायचे, पण चुकायचे नाहीत. त्यांना शिकवताना मी छाती फुगवून सांगितलं होतं, "काका, तुम्ही इथे जे टाइप कराल ते तिकडे सकाळी आठला साहेब स्वतः वाचणार." काका म्हणाले होते, "म्हंजी चुकून चालायचं न्हाई." तरी लिंक लागेना तेव्हा मी खुशाल म्हणून मोकळी झाले की म्हाताऱ्याला मशीन झेपत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसं.

आमच्या बाजूला वायरलेसची केबिन गेटजवळ होती, कॉम्प्युटरच्या खोलीला लागूनच. तिच्या खिडकीपाशी रोज सकाळी ऊसतोडीची पाच-पन्नास माणसं उभी असायची. डोक्याला टॉवेल, हातात चहाचा पेला, काही बायकांच्या कडेला मुलं. मला वाटायचं, कॉम्प्युटर बघायला येतात. मी शिपायाला सांगून त्यांना दोनदा हाकललंही होतं. त्यांच्यातली एक बाई हलायची नाही. चाळिशीची असेल, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. एकदा तिने मलाच विचारलं, "ताई, पाथर्डीकून काय आलं का? मह्या लेकीचं?" पहिलटकरीण लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि माहेर इथे उसात. गावाकडे फक्त चुलती. कळा सुरू झाल्याचा निरोप आला की मुकादम तिला सोडणार होता. निरोपाशिवाय नाही, कारण बायको गेली की कोयता अर्धा होतो आणि अर्धा कोयता यादीत बसत नाही. मी तिला म्हणाले, "हे मशीन तसल्या कामाचं नाही." आणि खरंच तसंच वाटत होतं मला.

मोडेमसोबत एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती खरेदी विभागाने पावतीसकट कपाटात कुलूपबंद केली होती, हरवू नये म्हणून. ती वाचायला मिळावी यासाठी मला अर्ज करावा लागला. आठ दिवसांनी मिळाली. शेवटून चौथ्या पानावर लाल दिव्याचा अर्थ छापला होता: चॅनेलवर कोणी बोलतंय. कोणी बोलत असेल तर मोडेम आपला डेटा पाठवत नाही, बोलणं संपायची वाट बघतो. घरातल्या थोरांमध्ये तोंड न घालणाऱ्या सुनेसारखा.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला मी केबिनमध्ये गेले. आमचा ऑपरेटर कानाला हेडफोन लावून काहीतरी लिहून घेत होता. इंजिनिअरने शून्यावर नेलेलं बटण मी फिरवलं.

"राम राम, वस्ती गट, ओव्हर." "राम राम. सोनईकडं थंडी लई. ओव्हर." "जय भीम, पाथर्डी बोलतोय. निरोप घ्या. ओव्हर." हे काकाच. मग त्यांनी एका दमात निरोप सांगितले आणि कारखान्याच्या गटागटांच्या ऑफिसांतल्या ऑपरेटरांनी ते लिहून घेतले. अमक्या टोळीतल्या अमक्याची म्हैस व्याली, रेडी झाली. तमक्याच्या पोराचा ताप उतरला, शाळेत जातोय. कोणाच्या वडलांना दिसत नाही म्हणून जत्रेला येताना चष्मा आणावा. मग इकडून तिकडे. सांगा म्हातारीला, पोराचा हात बरा हाय. सांगा, संक्रांतीला येत न्हाई. सव्वा तास सबंध जिल्ह्याची चौकशी चालली होती, आणि मधूनमधून आमची टिफिनएवढी पेटी बिचारी दार वाजवून परत जात होती.

घोडं इथे पेंड खात होतं. आणि हे कारखान्यात माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. फोरमनला माहीत होतं, स्टोअरकीपरला माहीत होतं, लहरी गोठवणाऱ्या संचालकांना तर फारच माहीत होतं, कारण त्यांना डब्यात काय हवं ते शेतावरच्या गड्याला याच चॅनेलवरून कळायचं. केबिनच्या भिंतीवर पाटी होती, 'वायरलेसवर खासगी बोलण्यास सक्त मनाई'. ती पाटी खरी ठरवायची तर सगळेच गुन्हेगार. म्हणून महिनाभर सगळ्यांनी बॅटऱ्या बदलल्या, उंदीर शोधले, लिंबं बांधली आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. बिघाड शोधायच्या कामात इतकी माणसं इतक्या मनापासून बिघाड लपवताना मी परत पाहिली नाहीत.

खिडकीबाहेरची माणसं कशाला उभी असतात, तेही त्याच सव्वा तासात कळलं.

आता मला काय करता आलं असतं, ते सांगते. अगदी सोपं होतं. यादी दुपारी बाराला मागवायची. दुपारी चॅनेल मोकळा असतो, लिंक एका फटक्यात लागते. सकाळी माणसं बोलतील, दुपारी मशीनं बोलतील. एवढं एक वाक्य. ते मी रात्री पाठ केलं होतं.

मीटिंगला साहेब, एमडी, फोरमन, स्टोअरकीपर, सगळे होते. मी म्हणाले, "बिघाड सापडला. चॅनेलवर सकाळी बोलणं चालतं." सगळ्यांनी एकदम आपल्या चहाच्या कपात बघितलं. साहेब मात्र खूष झाले. म्हणाले, "पुन्याच्या इंजिनिअरला जमलं न्हाई ते आपल्या पोरीनं शोधलं." टाळ्या पडल्या. फोरमननी सगळ्यात जोरात वाजवल्या. साहेब पुढे म्हणाले, "उद्यापासून सात ते नऊ बोलनं बंद. माईक कपाटात. रीतसर लिहून दे." मी ते पाठ केलेलं वाक्य गिळलं आणि रीतसर लिहून दिलं. सुवाच्य अक्षरात. 'अनधिकृत संभाषण' हा शब्द माझाच. दिवसभर आपलं खासगी बोलायला बाकीच्यांकडे वेळ होता. ऊसतोडीवाल्याला मात्र तेवढीच सकाळ. नऊनंतर तो उसाच्या फडात.

काकांना आदेश मीच कळवला. त्यांनी तो शब्दशः लिहून घेतला. मग म्हणाले, "निरोप कसे द्यायचे ते सांगा. ओव्हर." मी म्हणाले, "आता कॉम्प्युटर आहे ना काका. ओव्हर." हे मी का म्हणाले, मला आजही सांगता येत नाही. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून म्हणाले असेन. काका म्हणाले, "समजलं. ओव्हर अँड आऊट."

दुसऱ्या दिवशी आठला एक मिनिट कमी असताना पाथर्डीची यादी आली. प्रिंटर करकरला आणि लोक असे उभे राहिले जसं काही आत वासरू जन्माला येतंय. नारळ फुटला. कॉम्प्युटरला पेढा दाखवला, मग मला दिला. पुढचे तीन दिवस तेच. यादी यायची, मी ओळी मोजायची, शेवटी 'लिंक ओके' लिहून सही करायची आणि कागद साहेबांच्या टेबलावर. साहेब तो पाहुण्यांना दाखवायचे. कागद उलटा धरला असता तरी चाललं असतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी कायम केल्याची ऑर्डर माझ्या हातात पडली. मी दोन वेळा वाचली आणि घरी पेढे घेऊन गेले. वडील म्हणाले, "आता स्थळं जरा बरी येतील."

पाचव्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावरून परत आलेले कागद घेऊन फाइल लावायला बसले. ऑर्डर मिळाल्यावर माणूस फाइल नीट लावतो. यादीच्या उजव्या टोकाला शेऱ्याचा रकाना होता. तो मीच फॉर्ममध्ये घातला होता, रिकामं दिसू नये म्हणून. कोणी तो भरत नसे. एका टोळीच्या ओळीसमोर तो भरलेला होता.

पहिल्या दिवशीच्या कागदावर, 'मुलीला कळा. आईला पाठवा.'

दुसऱ्या दिवशीच्या, त्याच ओळीसमोर, 'दवाखान्यात नेले. अवघड आहे. आईला पाठवा.'

तिसऱ्या दिवशीच्या, 'मुलगी बरी. बाळ गेले. आईला पाठवा.'

चौथ्या दिवशी नुसतं, 'आईला पाठवा.'

एका बोटाने टाइप केलेलं, एकही चूक नाही. चारही कागदांवर खाली माझी सही, 'लिंक ओके'.

काकांनी दुसरीकडे कुठे निरोप धाडलाच नसेल, जीपवाल्याकडे नाही, एसटीच्या कंडक्टरकडे नाही. कशाला धाडतील? इथे टाइप केलेलं तिकडे आठला साहेब स्वतः वाचतात, असं त्यांना शिकवणारी मीच.

बाहेर खिडकीपाशी आता पूर्वीची गर्दी नव्हती. माईक कपाटात गेल्यावर माणसं दोन दिवसांत उमजून गेली होती. ती बाई मात्र उभी होती. तिला वाटत होतं, वायरलेस बिघडलाय, आज ना उद्या दुरुस्त होईल. मी तिसऱ्या दिवशीचा कागद घेऊन बाहेर गेले. चपला घालायच्या राहिल्या, ते खडी टोचल्यावर लक्षात आलं. शिपाई बघत राहिला.

मी तिला वाचून दाखवलं. ती खाली बसली, भिंतीला टेकून. थोड्या वेळाने म्हणाली, "लेक बरी हाय, असं लिव्हलंय ना? परत वाचा." मी परत वाचलं. मुलगी बरी. तिसऱ्यांदा वाचलं. मग तिने पदराने तोंड पुसलं, उठली, कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "कवाचं हाय हे?"

कागदाच्या डोक्यावर तारीख छापलेली होती. तिला वाचता येत नव्हतं. मी म्हणाले, "आत्ताच आलंय."

मुकादमाने तिला सोडलं. कागद दाखवल्यावर त्याने सही तेवढी बघितली. छापील कागदासमोर आमच्याकडे कोणी बोलत नाही. साडेनऊच्या एसटीला तिला बसवायला मी गेले. माझी ऑर्डर पर्समध्येच होती. गाडी सुरू झाली तेव्हा तिने खिडकीतून माझा हात धरला. तिचा हात खरखरीत होता आणि गरम होता.

"ताई, तुमच्या मशीनमुळं लगोलग कळलं बघा," ती म्हणाली. "न्हाईतर आमाला कोन सांगतंय."